पीअर, पीर आणि लाटसाहेब: तुमच्या बरोबरीचं नक्की कोण?



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य सहज बोलून गेलो. "धंदा मोजायचा असेल तर आधी तुमचा पीअर ग्रुप शोधा." व्हिडिओ टाकला आणि विसरलो. शनिवारी सातपूरच्या बॅचला गेलो, तर पाथर्डी फाट्याहून येणाऱ्या एका ताईंनी हात वर केला. त्या घरगुती मसाले करतात.

"सर, तो पीर ग्रुप म्हणजे काय? आम्हाला पीर म्हटलं की बडी दर्गा एवढंच माहीत."

वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर मेसेज होता: पीअर टू पीअर लोन, कागदपत्रांशिवाय, दहा मिनिटांत दोन लाख. "तुम्ही म्हणालात शोधा. हा तर स्वतःच मला शोधत आलाय. घेऊ का?"

आता माझी पंचाईत. बीबीएला असताना मी प्रोजेक्टमध्ये 'पीअर कंपॅरिझन' नावाचा अख्खा धडा लिहिलाय, मार्कही चांगले पडले. पण या शब्दाचा अर्थ काय, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ताईंना म्हटलं, आठ दिवस थांबा, त्या लिंकवर बोट ठेवू नका. आणि घरी येऊन शब्दाच्या मागे लागलो. जे सापडलं ते मला पाच-सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते. म्हणून हा लेख.

आधी ताईंचा पीर घेऊ. हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ म्हातारा, वडीलधारा. त्यावरून सूफी परंपरेत गुरू, ज्याच्या पायाशी बसून शिकायचं तो. म्हणजे पीर हा आपल्यापेक्षा वर असतो. इंग्रजी पीअरचा त्याच्याशी काही संबंध नाही, उच्चार जवळ आहे एवढंच. पण ताईंच्या चुकीत मला एक गंमत दिसली. आपल्याकडे धंदा सुरू करणारा माणूस सगळ्यात आधी पीरच शोधतो. कुणी मोठा माणूस, कुणी यूट्यूबवाला सर. (हो, मीही त्यातच आलो.) बरोबरीचा माणूस कुणी शोधत नाही.

इंग्रजी पीअरचा अर्थ मात्र नेमका तोच: बरोबरीचा. लॅटिनमध्ये 'पार' म्हणजे समान. ते फ्रेंचमधून इंग्रजीत येताना पीअर झालं. मूळचा 'पार' तर तुमच्या ड्रॉवरमध्येच पडलेला असेल. चेकबुक काढा आणि बघा, बऱ्याच चेकवर 'पेएबल ॲट पार' छापलेलं असतं. म्हणजे हा चेक बँकेच्या दुसऱ्या शाखेतही पूर्ण किमतीला चालेल, कमी-जास्त होणार नाही. शेअरची 'पार व्हॅल्यू' म्हणजे दर्शनी किंमत, तीही इथलीच. जोडीला आपण 'पेअर' म्हणतो, तोही याच घरातला. आणि सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे 'कंपेअर'. त्यातही हाच पार बसलाय. समान असलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवणं, असा त्याचा मूळ रोख.

आपला 'तुलना' शब्द तुलेवरून आला, तुला म्हणजे तराजू. इंग्रजांनी बरोबरीवरून शब्द केला, आपण तागडीवरून. दोन्हीचं म्हणणं एकच निघतं. एका पारड्यात कोथिंबिरीची जुडी आणि दुसऱ्यात सिमेंटची गोणी टाकून काही कळत नाही.

मग हाच पीअर इंग्लंडमध्ये लॉर्ड लोकांना कसा चिकटला? मला हे सुरुवातीला अजिबात पटेना. बरोबरीचा म्हणायचं आणि द्यायचं सरदारांना? पण त्यांचं गणित असं होतं की हे बडे सरदार *एकमेकांच्या* बरोबरीचे. 1215 मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाकडून त्याच्या सरदारांनी मॅग्ना कार्टा मान्य करून घेतला. त्यात एक कलम असं की मोकळ्या माणसाला पकडायचं किंवा शिक्षा करायची तर त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याने किंवा देशाच्या कायद्याने. राजाच्या मर्जीने नाही. पुढे ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या पाच पदव्यांच्या मंडळींनाच पीअर म्हणायला लागले. बरोबरी राहिली, पण फक्त त्यांच्या आपसात. बाकीच्यांसाठी तो शब्द उंचीचा झाला.

आपल्याकडे हे पीअर गव्हर्नर म्हणून यायचे. आपण त्यांचं 'लॉर्ड'चं 'लाट' केलं. "स्वतःला काय लाटसाहेब समजतो का?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, कदाचित खाल्लेलंही आहे. असेच एक लाटसाहेब लॉर्ड रे, 1885 ते 1890 मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. मुंबईतलं रे रोड स्टेशन त्यांच्याच नावाचं. पुण्याच्या मंडईलाही त्यांचंच नाव होतं, रे मार्केट. महात्मा फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. आज तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. भाजी विकणाऱ्या बाईला लॉर्ड रे कोण होते हे आज सांगूनही कळायचं नाही. पहिला भारतीय लॉर्ड झाला तो 1919 मध्ये, बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा.

या लॉर्डांची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यातले बहुतेक जण काही कमवून लॉर्ड झालेले नव्हते. बापानंतर मुलगा, अशी ती पदवी चालायची. 1958 च्या कायद्याने 'तहहयात' लॉर्ड नेमायला सुरुवात झाली, म्हणजे पदवी त्या माणसापुरती, मुलाला नाही. आणि 1999 मध्ये वंशपरंपरेने सभागृहात बसणाऱ्यांतले 92 सोडून बाकीच्यांना बाहेर काढलं.

तिसरा अर्थ बघण्याचा. पीअर म्हणजे डोळे बारीक करून बघणं, डोकावणं, धुक्यातून नाहीतर काचेतून नीट दिसत नसताना बघायचा प्रयत्न करणं. याचं मूळ वेगळं, बरोबरीवाल्या पीअरशी नातं नाही. स्पेलिंग मात्र तंतोतंत तेच. आणि माझा घोटाळा नेमका इथे झाला.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, भांडी बाजाराच्या अलीकडे एका बोळात. खोके, पाऊच, टेप, केकचे बॉक्स. बाहेरचे लोक विचारतात, एकाच गल्लीत एकाच मालाची दुकानं कशी काय चालतात? सराफ बाजार बघा, भांडी बाजार बघा. गिऱ्हाईक तिथे येतंच मुळी तुलना करायला. चार ठिकाणी भाव विचारायचा आणि पाचव्या ठिकाणी घ्यायचं, हा त्याचा हक्क आहे. गल्लीतला प्रत्येक दुकानदार दुसऱ्याचा स्पर्धक, आणि त्याच्यामुळेच गिऱ्हाईक गल्लीत येतं म्हणून त्याचा भागीदारही.

ऑगस्ट 2016 मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात गेला. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावर आपण पूर मोजतो. त्या दिवशी समोरच्या दुकानातल्या काकांनी, ज्यांच्याशी माझं टेपच्या भावावरून आठवड्याला एकदा वाजायचं, माझे खोके स्वतःच्या माडीवर चढवले. माझ्या दुकानात कमरेएवढं पाणी, त्यांच्याही दुकानात कमरेएवढं. बरोबरीचा माणूस कोण, हे इतकं सोपं करून मला पुन्हा कधी कुणी दाखवलं नाही. दुर्दैव असं की मी त्यातून काही शिकलो नाही.

कारण दोन वर्षांनी मी कॉलेज रोडच्या एका दुकानात डोकवायला लागलो. माल माझ्यासारखाच, पण काचेचं दार, एसी, गिफ्ट पॅकिंगचा वेगळा काउंटर. संध्याकाळी स्कूटर समोर लावून मी मोजायचो, तासात किती माणसं आत गेली, किती जण पिशवी घेऊन बाहेर आली. वहीत लिहायचो. मला वाटायचं मी अभ्यास करतोय. बीबीएची भाषा होती ना डोक्यात, 'पीअर कंपॅरिझन'! मालक माझ्याच वयाचा, माल तोच, शहर तेच. झाला माझा पीअर.

त्याला जमतं तर मला का नाही, म्हणून मीही गंगापूर रोडला गाळा घेतला. डिपॉझिट दिलं, फर्निचर केलं, दोन मुलं ठेवली. अकरा महिन्यांनी करार संपला तेव्हा जुन्या दुकानाचा गल्ला नव्या दुकानाच्या भाड्यात जात होता. होलसेलवाल्याकडे माझं देणं तीन लाखांच्या वर गेलं होतं. बायकोने तिच्या बांगड्या काढून दिल्या तो दिवस मी इथे रंगवून सांगणार नाही.

आमच्या हिशोबाचं काम बघणारे एक अकाउंटंट काका आहेत. त्यांनी दोन्ही दुकानांच्या वह्या घेतल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तू ज्याचं बघून हे केलंस, त्याला भाडं किती?"

"माहीत नाही."

"अरे, तो गाळा त्याच्या आजोबांनी घेतलाय. भाडं शून्य. वरच्या मजल्याचं भाडं उलट त्यालाच येतं. तू संध्याकाळी गिऱ्हाईक मोजलंस. त्याची सकाळ बघितलीस का? त्याची उधारीची वही बघितलीस का?"

आता लॉर्डांची गोष्ट आठवा. तो कॉलेज रोडवाला माझा पीअर होता, पण कोणत्या अर्थाने? वंशपरंपरागत लॉर्ड होता तो. मी त्याला बरोबरीचा समजलो. आणि जे मी करत होतो ते तुलना नव्हतीच, काचेतून डोकावणं होतं. एकाच शब्दाचे तीन अर्थ मी एका झटक्यात गोंधळून टाकले आणि त्याची फी भरली. त्या माणसाचा यात काडीचाही दोष नाही. त्याला तर मी बाहेर स्कूटरवर बसलोय हेही माहीत नव्हतं.

काका मात्र मला का दिसू शकले नाहीत ते सगळं बघू शकले, आणि त्यालाही या घरात एक शब्द आहे. क्रिकेटमधला अंपायर. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपर', म्हणजे जो बरोबरीचा नाही, दोघांच्या जोडीबाहेरचा तिसरा. इंग्रजीत तो आधी 'नंपायर' असा काहीसा होता. 'अ नंपायर' म्हणता म्हणता न पुढच्या शब्दातून सुटून मागच्या 'अ'ला चिकटला आणि राहिला 'अंपायर'. तो ना तुमच्या टीमचा, ना समोरच्या. धंद्यात असा एक माणूस हवा ज्याला तुमच्या दुकानाचं कौतुकही नाही आणि शेजाऱ्याच्या दुकानाचा हेवाही नाही. बहुतेकांकडे हा माणूस असतो, आपण त्याला फक्त मार्च महिन्यात रिटर्न भरायला आठवतो.

मग बरोबरीचे शोधायचे कसे? मी आता बॅचमध्ये माल काय विकता हे विचारतच नाही. मी विचारतो: जागा स्वतःची की भाड्याची? भांडवल घरचं की कर्जाचं? किती वर्षं झाली? हाताखाली किती माणसं? माल रोखीने उचलता की उधारीवर, आणि तुमची उधारी किती दिवसांनी वसूल होते? या उत्तरांत जो तुमच्या जवळ येतो तो तुमचा पीअर, मग तो चपला विकत का असेना. माझा सगळ्यात चांगला पीअर आज पंचवटीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. भाडं माझ्याएवढं, वर्षं माझ्याएवढी, मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. महिन्यातून एकदा आम्ही मिसळ खातो आणि एकमेकांना खरे आकडे सांगतो. खरे म्हणजे खरे. त्याने मला सांगितलं की त्याने उधारी बंद केल्यावर पहिले दोन महिने गिऱ्हाईक तुटलं आणि तिसऱ्या महिन्यात त्यातलं निम्मं परत आलं. असा आकडा तुम्हाला कुठल्याही मोठ्या उद्योजकाच्या भाषणात मिळणार नाही. त्याला तो आठवतच नाही.

आता ताईंचा मेसेज. पीअर टू पीअर लोन ही कल्पना खोटी नाही, हे आधी स्पष्ट करतो. बँक मध्ये न घेता एका सामान्य माणसाने दुसऱ्या सामान्य माणसाला कर्ज द्यायचं, मध्ये फक्त एक वेबसाइट. लंडनमध्ये 2005 साली झोपा नावाच्या कंपनीने हे सुरू केलं. (नाव खरंच झोपा आहे, मी काय करू.) त्या कंपनीने 2021 मध्ये स्वतःच हा प्रकार बंद केला आणि ती बँक म्हणून राहिली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये यासाठी नियम आणले. असा प्लॅटफॉर्म चालवायचा तर रिझर्व्ह बँकेकडे 'एनबीएफसी-पीटूपी' म्हणून नोंदणी लागते. प्लॅटफॉर्मने स्वतः कर्ज द्यायचं नाही, फक्त गाठ घालून द्यायची. एका माणसाने एकाच कर्जदाराला सगळे प्लॅटफॉर्म मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. कर्जदाराला सगळीकडून मिळून 10 लाखांपेक्षा जास्त मिळत नाहीत, मुदत जास्तीत जास्त 36 महिने. पैसे एस्क्रो खात्यातून फिरले पाहिजेत. ऑगस्ट 2024 मध्ये नियम आणखी कडक झाले, खात्रीशीर परतावा देणारी गुंतवणूक म्हणून याची जाहिरात करायलाही मनाई आहे.

हे सगळं ताईंना सांगितलं आणि म्हटलं, आता हिशोब करा. एकाकडून जास्तीत जास्त पन्नास हजार, म्हणजे दोन लाखांना निदान चार जण लागले. मग दहा मिनिटांत दोन लाख देणारा 'पीअर' कोण? आम्ही त्या ॲपचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत शोधलं. नव्हतं. ताईंनी मेसेज तिथेच डिलीट केला. तुम्हालाही असा मेसेज आला असेल तर आधी ती यादी, मग बाकी सगळं.

खरं तर बरोबरीच्यांचं कर्ज म्हणजे काय हे ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या आठ वर्षं बचत गटात आहेत. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये जोब्रा गावापासून जे सुरू केलं, ज्यातून ग्रामीण बँक उभी राहिली, त्याचा पाया हाच होता. गरिबाकडे तारण नाही, पण त्याला ओळखणारी चार माणसं आहेत. पाच-पाच जणांचे गट. आपल्याकडे बचत गट, चार ते दहा जणांचे जेएलजी गट, झालंच तर आपली भिशी. सगळीकडे तारण एकच, शेजारणीची नजर. याची दुसरी बाजूही आहे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात, आणि वसुलीवाले त्या नजरेचाच वापर करून घेतात. आंध्र प्रदेशात 2010 मध्ये हे इतकं टोकाला गेलं की सरकारला मायक्रोफायनान्स कंपन्यांविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. बरोबरीच्यांचा आधार आणि बरोबरीच्यांचा जाच यात फार अंतर नसतं. म्हणून गटातूनही कर्ज घेताना मी ताईंना दोन लाखांचं कारण विचारलं.

कारण ऐकून मी गप्प झालो. त्यांना पॅकिंग मशीन हवं होतं, कारण दुकानदार म्हणतो मोठ्या ब्रँडसारखं पाकीट दिसत नाही. आणि भावही त्या ब्रँडएवढाच ठेवलेला. ती कंपनी मिरची ट्रकने घेते. ताई रविवार कारंज्यावरून दहा किलो घेतात आणि कांडपवाल्याला किलोवर मजुरी देतात. त्या प्रत्येक पाकिटामागे स्वतःची मजुरी धरतच नव्हत्या. म्हणजे एका लाटसाहेबाच्या बरोबरीने भाव लावून त्या वर्षभर फुकट राबत होत्या, आणि आता त्यासाठी कर्ज काढणार होत्या. मला माझा गंगापूर रोडचा गाळा दिसला.

मी त्यांना मशीन घ्या किंवा घेऊ नका असं सांगितलं नाही. गृहपाठ दिला: तुमच्यासारखंच काम करणाऱ्या, तुमच्याएवढंच भांडवल असलेल्या तीन जणी शोधा आणि त्यांना फक्त दोन गोष्टी विचारा. किलोमागे खर्च किती येतो, आणि मजुरी धरता का?

या शनिवारी त्या वही घेऊन आल्या. तीन नावं होती. सिडकोतली एक, देवळालीतली एक, एक त्यांच्याच गटातली. तिघींपैकी दोघी मजुरी धरतात, आणि तिघींचाही भाव ताईंपेक्षा किलोला जास्त आहे. साध्या पाकिटात, हाताने चिकटवलेल्या लेबलवर. ताईंनी या महिन्यापासून भाव वाढवलाय, मशीनचं दिवाळीनंतर बघणार आहेत.

पानाच्या वर त्यांनी शीर्षक लिहिलं होतं: 'माझे पीर'. मी ते तसंच राहू दिलं.